गॅलरीतला तवा

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी हॉलमधल्या दिवाणावर आडवा झालो आहे. झोपायचं नाही, फक्त पाठ टेकायची, असं ठरवून. पलीकडच्या खोलीत माई झोपली आहे. माई म्हणजे माझी आई. वय चौऱ्याऐंशी, आज सकाळचं वजन छत्तीस किलो चारशे ग्रॅम. आज शुक्रवार. सोमवारी पुन्हा वजन करायचं आहे. ते छत्तीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं. दार नीट लागलेलं नव्हतं. परतताना रिक्षात माई एवढंच म्हणाली, "नळी नको रे, श्रीधर."

रोज एक अंडं पोटात जायला हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं. आमच्या घरात माईने कधी अंड्याला हात लावलेला नाही. "औषध म्हणून आण," असं ती म्हणाली तेव्हा मला वाटलं, काम झालं. त्यानंतरच्या बारा दिवसांत मी सव्वीस ऑम्लेटं केली. सगळी वहीत आहेत. तारीख, भांडं, तेल, आच, माईने किती खाल्लं. भांडी तीन. नॉनस्टिकला चिकटत नाही, पण कड मऊ राहते आणि वासही राहतो. ॲल्युमिनियमच्या फ्रायपॅनमध्ये मध्यभागी करपतं आणि कडेला पातळ राहतं. शैलाच्या बीडाच्या तव्याला सगळंच चिकटतं, कालथ्याने खरवडून काढावं लागतं. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'एक घास' लिहिलेलं आहे. आज 'शून्य'. आज ताटली समोर ठेवल्यावर माईने तोंड फिरवलं. "वास येतो," म्हणाली. मग, "शैला असती तर..." आणि थांबली.

शैला माझी बायको. फेब्रुवारीत गेली, त्याला आठ महिने झाले. ती रेवदंड्याची, मासे-अंडी खाणाऱ्या घरातली. माईच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नव्हतं. फडताळाशेजारी देव आहेत. म्हणून लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात गॅलरीत वेगळी शेगडी आली, वेगळा तवा आला, वेगळा कालथा आला. शैलाने वाद घातला नाही. तीस वर्षं तो तवा गॅलरीचा उंबरा ओलांडून आत आला नाही. ती गेल्यावर मीच त्याला आत आणला. काळाकुट्ट झालेला होता. सोडा आणि तारेची घासणी घेऊन दोन तास बसलो, लख्ख केला आणि ओट्यावर ठेवला. आता या घरात कुणाला बाहेर राहायची गरज नाही, असं मला वाटत होतं.

पंखा कुरकुरतो. तो आवाज हळूहळू खाली उतरतो, तळमजल्यावर जातो, आणि वर्तमानपत्राच्या ऑफिसात तळमजल्यावर छपाईयंत्र सुरू झालं की इमारत जशी बारीक थरथरते तशी थरथर दिवाणातून माझ्या पाठीला लागते. मी डोळे मिटलेले नाहीत. तरीही मी डेस्कवर आहे.

या दैनिकात मी तीस वर्षं पानं लावली, म्हणजे बातम्या तपासून पानावर बसवल्या. शैला गेल्यावर महिन्याभरात निवृत्त झालो. ऑफिसात आज दुपारचं ऊन आलं आहे. आमचं खरं काम दिवे लावल्यावर सुरू व्हायचं, त्यामुळे पश्चिमेला एवढ्या मोठ्या खिडक्या आहेत हे मी आत्ता पाहतो. खुर्च्या रिकाम्या. मुद्रितशोधकांच्या टेबलाशी, तिच्या जुन्या जागेवर, तेवढी शैला बसली आहे. चष्मा नाकावर घसरलेला, समोर पुठ्ठ्याचा ट्रे, ट्रेमध्ये अंडी. एकेक अंडं उचलून ती उजेडाकडे धरते आणि लाल पेन्सिलीने त्याच्यावर खूण करते.

"पान छपाईला गेलं का?" ती विचारते. मान वर करत नाही.

"सोमवारचं आहे."

"मग वेळ आहे."

"नाही. वेळ नाही."

ती गेलेली आहे, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. आम्ही तो विषय काढत नाही. ऑफिसात घरचं बोलायचं नाही, हा आमचा जुना नियम.

"पाय कसे आहेत?" मी विचारतो.

"दुखत नाहीत आता. तुझी दाढी वाढलीय."

"सव्वीस ऑम्लेटं केली मी."

"कळलं." ती ट्रेखालून माझी वही ओढून काढते. पानभर लाल खुणा आहेत. "हे काय लिहिलंयस, मध्यम आच? कुणाची मध्यम?"

"गॅसची."

"गॅसकडे बघून आच ठरत नाही. तव्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. जागच्या जागी चुरचुरला तर तवा कच्चा आहे. गोळी होऊन पळाला तर तापलाय. मग आच बारीक करायची आणि मग अंडं. आणि हे, तेल एक चमचा. चमचा कुठला?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुला डब्यात मिळत होतं."

ती टेबलाचा खण ओढते. खणात शेगडी आहे आणि शेगडीवर तो तवा, मी घासलेला, करड्या रंगाचा. ती त्याच्यावरून बोट फिरवते, बोट चष्म्याजवळ नेऊन बघते.

"कशाने घासलास?"

"सोड्याने. तारेची घासणी होती."

शैला हसते. छापून गेलेल्या पानावर मोठी चूक सापडली की हसायची तशी, आवाज न करता, खांदे हलवत.

"आईकडून आणल्यापासून मी याला साबण दाखवला नाही. तीस वर्षं. तू दोन तासांत नागडा केलास त्याला."

"काळा होता."

"काळाच असायला हवा. मळ नव्हता तो. तेल होतं, एकावर एक बसलेलं. त्याच्यावरून अंडं सुटतं. आता खालचं बीड उघडं पडलंय, ते धरून ठेवणारच."

"मला वाटलं, तुझ्यासाठी काहीतरी करतोय."

"माहीत आहे," ती म्हणते. "दे इकडे."

ती तवा उचलते आणि जमिनीवर ठेवते. जमिनीवर वजनकाटा आहे. आम्ही दवाखान्याच्या लांब बोळात उभे आहोत. भिंतीला लागून बाकं आहेत आणि बाकांवर माणसांऐवजी झाकणं ठेवलेली आहेत, स्टीलची, ॲल्युमिनियमची, ओळीने, नंबर येण्याची वाट बघत असल्यासारखी. काट्यावर तवा छत्तीस किलो चारशे ग्रॅम भरतो.

"माईएवढाच आहे," मी म्हणतो.

"हं."

"शैला, वास कसा घालवायचा ते सांग. ती वासालाच तोंड फिरवते."

"कांदा कच्चा घालत असशील."

"अंड्यातच घालतो. फेटताना. मीठही."

"म्हणून. कांदा आधी तव्यावर परतायचा, गुलाबी होईपर्यंत. हळद त्यातच, चिमूटभर मिरी त्यातच. मग वरून अंडं ओतायचं. फेटतानाच मीठ घातलंस की कांद्याला पाणी सुटतं, अंडं पातळ होतं. मीठ शेवटी, वरून."

मी खिशातून पेन्सिल काढतो. लिहू लागतो तर कागदावर पिवळं पिवळं उमटतं, ओलं, अक्षरं एकमेकांत जातात.

"लिहू नकोस," ती म्हणते.

"विसरेन."

"सगळं लिहून ठेवतोस ना, त्यानेच घोळ होतो."

कोणता घोळ, ते ती सांगत नाही. बोळाच्या टोकाला ती खाली बसते, म्हणून मीही बसतो, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा पायांना लागतो. हे रेवदंड्याचं स्वयंपाकघर. तिची आई जाऊन, घर विकून वीस वर्षं झाली. खिडकीबाहेर समुद्र थेट गजांपर्यंत आलेला आहे आणि एक थेंबही आत येत नाही. लाटा नाहीत. फेटून ठेवलेल्या अंड्यासारखा तो नुसता मंद हलतो.

शैलाने अर्धा कांदा काट्याला टोचला आहे. चुलीवर तवा तापतो. ती कांदा तेलात बुडवते आणि तव्यावर गोल फिरवते, मधून बाहेर, मधून बाहेर. धूर येतो. ती थांबते, धूर विरेपर्यंत वाट बघते, पुन्हा तेल, पुन्हा कांदा. तिसऱ्यांदा तव्याचा मध्य तपकिरी होतो.

"एका दिवसात पहिल्यासारखा होणार नाही," ती म्हणते. "पण आज हे तीनदा कर. पहिलं ऑम्लेट फाटेल. ते तू खा. दुसरं बरं होईल."

"पहिलं फेकून देऊ का?"

"खा म्हटलं ना. तूही दोन दिवस नीट जेवलेला नाहीस."

ती अंडं ओतते. बाजूने कालथा घालून कड उचलते, तवा कलता करते, वरचं पातळ अंडं उचललेल्या कडेखाली घरंगळतं. झाकण ठेवते. मी मोजायला लागतो, कारण मोजायची सवय आहे. चाळीसच्या पुढे आकडे सापडत नाहीत. मला एवढी झोप येते आहे की झोपेतही झोप येते आहे.

झाकण निघतं तेव्हा आम्ही आमच्याच गॅलरीत आहोत. वाळत घातलेले टॉवेल, कोरफडीची कुंडी, कोपऱ्यात छोट्या सिलिंडरची शेगडी. शैला ऑम्लेटचे दोन भाग करते. मोठा माझ्या डब्यात जातो. लहान भाग ती एका ताटलीत ठेवते. पांढरी इनॅमलची ताटली, निळी कड, एका जागी टवका उडालेला. ही ताटली मी कधी पाहिलेली नाही.

"ही कुणाची?"

"माईंची."

"माई अंडं खात नाही."

"तू साडेतीनला ऑफिसला निघायचास," शैला म्हणते. "त्या चारला यायच्या."

गॅलरीच्या टोकाला प्लॅस्टिकच्या स्टुलावर कुणीतरी आमच्याकडे पाठ करून बसलं आहे. डोक्यावरून पदर घेतलेला. पाठ रुंद आहे, ताठ आहे, छत्तीस किलोची नाही. मी एक पाऊल पुढे टाकतो. शैला माझं कोपर धरते.

"बघू नकोस."

"कधीपासून?"

"सोळा वर्षांपूर्वी आपला मुद्रितशोधन विभाग बंद झाला आणि मी दुपारची घरी राहायला लागले, तेव्हापासून. एक दिवस त्या वास येतो म्हणून ओरडायला आल्या. दारात उभ्या राहिल्या. ओरडून झालं तरी उभ्याच. मी विचारलं, माई, बसता का? म्हणाल्या, बसते, पण तू माझ्याकडे बघायचं नाहीस."

"मग?"

"मग काय. मी रस्त्याकडे बघायचे. त्या भिंतीकडे बघायच्या."

"सोळा वर्षं?"

"तुझ्या सुट्टीचे वार सोडून."

मला राग आलेला नाही. थकव्याखाली काहीतरी हललं आहे, एवढंच. रोज चाळीस गावांच्या बातम्या मी तपासायचो. कोण कुठे काय म्हणालं, किती वाजता म्हणालं.

"माझ्या घरातली बातमी मला सोळा वर्षं नव्हती," मी म्हणतो.

"बातमी नव्हती ती. खाणं होतं."

"मग आता का नाही खात?"

शैला माझ्याकडे बघते. प्रूफ वाचताना एखाद्या ओळीवर थांबायची तसं.

"तवा आत कुणी आणला?"

"मी."

"देवांसमोर, ओट्यावर, त्यांच्या स्वतःच्या ताटात अंडं कुणी वाढलं?"

मी तव्याकडे बघतो.

"आणि समोर वही घेऊन कोण बसतं, किती घास गेले ते लिहायला?"

"तिने मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं? सोळा वर्षं खात होते, असं? चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मुलाला?"

स्टुलावरची पाठ जरा हलते. ताटलीवर चमचा वाजतो. तिकडून आवाज येतो, कोरडा, तक्रारीचा. "मीठ कमी आहे."

"उद्या घालते, माई," शैला रस्त्याकडे बघतच म्हणते. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "रोज हेच. रोज मीठ कमी, आणि रोज ताटली रिकामी. मुद्दाम कमी घालायचे मी. काहीतरी म्हणायला हवं ना त्यांना."

"ताटली कुठे ठेवायचीस?"

"कोरफडीमागे तेलाचा रिकामा डबा आहे. त्यात."

"शैला, मी दमलोय."

"दिसतंय. एवढं पान लाव आणि झोप."

ती माझ्या हातातली पेन्सिल काढून घेते आणि स्वतःच्या अंबाड्यात खोचते, ऑफिसातून निघताना खोचायची तशी. मला तिला थांबवायचं आहे. त्यासाठी काहीतरी विचारायला हवं, पण सगळी उत्तरं मिळालेली आहेत. खालचं छपाईयंत्र थांबतं.

पंखा थांबला आहे. वीज गेली आहे. मान घामाने भिजली आहे आणि घड्याळात तीन वाजून बेचाळीस मिनिटं झाली आहेत. आतून माईच्या खोकल्याचा आवाज येतो, म्हणजे ती जागी आहे.

मी उठतो. पाणी पितो. स्वप्नावर विसंबून काही करायचं नाही, असं स्वतःला सांगत गॅलरीत जातो आणि कोरफडीची कुंडी सरकवतो. मागे पाच किलोचा तेलाचा डबा आहे, वरचा पत्रा कापलेला. हा डबा आठ महिने इथेच असणार. कुंडीला मी रोज पाणी घालतो. आत हात घालतो तर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लागतं. कागदावरची तारीख वाचतो: नऊ फेब्रुवारी. दहाला सकाळी शैलाला दवाखान्यात नेलं.

कागद उलगडतो. पांढरी इनॅमलची ताटली, निळी कड, एका जागी टवका. मध्यभागी हळदीचा फिका पिवळा गोल, कितीही घासला तरी न जाणारा.

ती धुऊन पुसून घेतो. मग तवा स्वयंपाकघरातून बाहेर आणतो. शेगडीवरची धूळ पुसतो, सिलिंडर हलवून बघतो, गॅस आहे. अर्धा कांदा काट्याला टोचतो. तेल, कांदा, धूर, तीनदा. पाण्याचा थेंब टाकतो. पहिल्या वेळी चुरचुरतो, दुसऱ्या वेळी गोळी होऊन पळतो. आच बारीक करतो.

पहिलं ऑम्लेट फाटतं. मी ते उभ्याने, कालथ्यावरूनच खातो. गरम आहे. शैलाच्या हातच्यासारखं नाही, पण कांदा गुलाबी झाला आहे आणि हळदीचा कच्चा वास नाही. दुसऱ्याला कडेने कालथा घालतो, तवा कलता करतो, झाकण ठेवतो. मोजत नाही. ते एका बाजूला थोडं धरतं आणि मग सुटतं. त्याचा लहान भाग ताटलीत काढतो. ताटली आणि चमचा स्टुलावर ठेवतो, स्टूल भिंतीकडे सरकवतो. गॅलरीचं दार अर्धं लोटतो. हाक मारत नाही.

मग कठड्याला टेकून रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. वही आत टेबलावर आहे. खाली एक बाई रिक्षावाल्याशी हुज्जत घालते आहे, समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत आहे. बराच वेळ काही होत नाही. अंडं निवत असणार.

मागे वॉकरचा आवाज येतो. टक, टक. तो दारापाशी थांबतो. मी श्वासही हळू घेतो. मग पुन्हा टक, टक, आणि स्टूल फरशीवर थोडं घासतं. चमचा इनॅमलवर वाजतो. एकदा. मग पुन्हा.

किती वेळा वाजला ते मी मोजत नाही. खालची बाई हुज्जत संपवून निघून जाते.

"मीठ कमी आहे," माई म्हणते.

"उद्या घालतो," मी म्हणतो, रस्त्याकडे बघतच.